हानुसचा चेंडू

हामराविक या बेटावरच्या गावात नाव नसलेला दगड सापडायचा नाही. गावात माणसं एकशे चाळीस आणि दगडांची नावं त्याच्या दसपट. कुठल्या खडकावर कोणाची मेंढी अडकली, कुठे कोणाचा पाय घसरला, कुठे कोणी लग्नाचं विचारलं आणि नकार ऐकून परत आला, ते सगळं तिथल्या तिथे दगडाला चिकटतं आणि माणूस गेला तरी सुटत नाही. जाळी टाकणारे त्याच नावांवरून जागा सांगतात, आणि शाळेत मुलं ती नावं पाढ्यांसारखी म्हणतात.

फुटबॉलच्या मैदानाच्या खालच्या अंगाला, किनाऱ्यापासून थोडं समुद्रात, एक काळा बुटका खडक आहे. भरतीला बुडतो, ओहोटीला वर येतो. त्याचं नाव ‘हानुसचा चेंडू’. पूर्वी त्याला नुसतं ‘काळं डोकं’ म्हणत, पण ते नाव आता म्हाताऱ्यांनाही आठवत नाही. नवं नाव अकरा वर्षांचं होतं, आणि ते चुकीचं आहे हे जगात एकट्या तुम्मासला ठाऊक होतं. निदान तुम्मासची तशी समजूत होती.

तुम्मास गावचा पोस्टमन, वय एक्केचाळीस. गावच्या संघात तो बचावाला खेळायचा, पण त्याच्या खेळावर कोणी भाळावं असं त्यात काही नव्हतं. धावायचासुद्धा पत्रं वाटल्यासारखा, मधेमधे थांबत. संघातली त्याची जागा टिकली होती ती उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटामुळे. हामराविकचं मैदान म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये बसवलेली हिरवी फळी, आणि वारा तिथे मुक्कामालाच आलेला. पेनल्टीच्या ठिपक्यावर चेंडू ठेवून मारणारा चार पावलं मागे जाईपर्यंत चेंडू आपल्या वाटेने निघून जातो. म्हणून एक जण गवतावर पालथा पडतो, हात लांब करतो आणि चेंडूच्या माथ्यावर एक बोट टेकवून त्याला जागेवर ठेवतो. मारणारा धावत येतो, बूट चेंडूला लागतो, आणि तोवर ते बोट हलायचं नाही. काम सोपं दिसतं. आपल्या डोक्यापासून हातभर अंतरावर एक धिप्पाड माणूस सगळ्या ताकदीनिशी लाथ झाडणार आहे आणि आपण डोळे उघडे ठेवून पडून राहायचं, एवढंच.

अकरा वर्षांपूर्वी कपच्या स्पर्धेत हामराविक पहिल्यांदाच शेवटच्या आठात पोचलं होतं. सामना घरच्या मैदानावर, बरोबरीत, आणि अखेरच्या मिनिटाला पेनल्टी. मारायला हानुस. हानुस म्हणजे तुम्मासच्या बायकोचा, बिर्नाचा, मोठा भाऊ. लांबच्या पाण्यात मासेमारी करणारा, दारात उभा राहिला की घरात अंधार व्हावा असा गडी, आणि त्याची पेनल्टी तोवर कधी चुकलेली नव्हती. तुम्मासचं लग्न होऊन दोन महिने झाले होते. तो गवतावर पडला, बोट टेकवलं. हानुस मेंढ्यासारखा मान खाली घालून धावत आला, त्याच्या बुटाखालची जमीन तुम्मासच्या छातीत दणदणली, आणि तुम्मासची पाचावर धारण बसली. डोळे मिटले, बोट उचललं गेलं. अर्ध्या क्षणाचं काम. वाऱ्याने चेंडू चार बोटं सरकवला, हानुसचा बूट त्याच्या खाली लागला, आणि चेंडू दांडीवरून, मागच्या गडग्यावरून समुद्रात गेला. लाटेने तो नेमका त्या काळ्या खडकाच्या खाचेत नेऊन ठेवला. संध्याकाळपर्यंत तो तिथे पांढराशुभ्र बसून होता. चेंडू आणायला ठेवलेली होडीसुद्धा फेसामुळे जवळ जाऊ शकली नाही. हामराविक जादा वेळेत हरलं. सामन्यानंतर संघाची कॉफी करणाऱ्या एल्सबाआजीने ती ओतताना खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, “बसलाय बघा अजून, हानुसचा चेंडू.” झालं. खडकाचं बारसं उरकलं.

तुम्मासला कोणी काही विचारलंच नाही. चेंडू धरणाऱ्याला कोण विचारतं? पहिल्या दिवशी तो घाबरून गप्प राहिला, दुसऱ्या दिवशी लाजेने, आणि तिसऱ्या दिवसापासून आधी दोन दिवस गप्प राहिला होता म्हणून. हानुसने कधी तक्रार केली नाही. पुन्हा कधी पेनल्टीही मारली नाही. लग्नाबारशात कोणी ना कोणी त्या चेंडूची आठवण काढायचा, सगळे हसायचे, हानुसही हसायचा, आणि तुम्मास ताटातला बटाटा बारीक बारीक करत बसायचा.

अकरा वर्षांनंतरच्या वसंतात तुम्मासची नऊ वर्षांची मुलगी सुन्वा शाळेतून आली ती किनाऱ्यावरच्या दगडांची नावं घोकतच. घोकता घोकता थांबली.

“बाबा, मामाचा चेंडू तिथे कशाला आहे?”

“तुझ्या मामाने उडवला म्हणून,” बिर्ना बटाटे सोलता सोलता म्हणाली.

“मग बाबा कुठे होते?”

“बाबा चेंडू धरून होते.”

“धरून होते तर उडाला कसा?”

तुम्मासने खुंटीवरची पिशवी घेतली आणि तो घराबाहेर पडला. टपाल आणणारी फेरीबोट यायला अजून दोन तास होते. धक्क्यावर उभं राहून त्याने तो खडक पाहिला आणि त्याला पहिल्यांदाच नीट उमजलं की आपण मेल्यावर, हानुस मेल्यावर, सुन्वा म्हातारी झाल्यावरही शाळेत पोरं हेच म्हणत राहणार. कपचा मोसम पंधरा दिवसांवर आला होता. हानुस त्रेचाळीसचा झाला होता, गुडघे कुरकुरत होते, हा आपला शेवटचा मोसम असं त्याने सांगूनही टाकलं होतं. तो बूट खुंटीला टांगायच्या आत सगळ्या गावासमोर सांगायचं, असं तुम्मासने ठरवलं. पहिला सामना जिंकलो की लगेच, कॉफीच्या वेळी.

संघाची अवस्था अशी होती की जिंकायची धास्ती नव्हती. माशांचा कारखाना बंद पडून दीड वर्ष झालं होतं आणि तरणी माणसं एकेक करून डेन्मार्कला चालली होती. संघाचा प्रशिक्षक मिक्याल, जो गावचा दुकानदारही होता, म्हणायचा, “माझ्याकडे बारा जण आहेत. त्यातले नऊ धावू शकतात आणि सात ऐकू शकतात.” तरीही पहिल्या फेरीत डोंगरापलीकडच्या गावाला त्यांनी दोन-एकने हरवलं. फुटबॉल मंडळाच्या खोलीत कॉफी झाली, रुबार्बच्या आंबट देठांच्या मुरंब्याचा केक आला, आणि तुम्मास घसा खाकरून उभा राहिला. सगळे त्याच्याकडे वळले. त्याने सगळ्यांची तोंडं पाहिली, सगळी आनंदाने लाल झालेली. हानुस कोपऱ्यात कोणाच्या तरी बाळाला मांडीवर घेऊन बसला होता.

“उद्याची फेरीबोट उशिरा येणार आहे,” तुम्मास म्हणाला आणि खाली बसला.

दुसऱ्या फेरीला उत्तरेकडच्या बेटावरचा संघ आला आणि धुक्यात अडकला. सामना नाही, परतीची फेरीबोट नाही. पाहुणे दोन रात्री गावातल्या घरांत वाटून राहिले, तुम्मासकडेही दोघे होते. बिर्नाने त्यांना वाऱ्यावर वाळवलेलं मटण, उकडलेले बटाटे आणि पुन्हा मटण असं वाढलं की तिसऱ्या दिवशी धुकं फिटलं तेव्हा त्यांना वाकून बुटाची नाडी बांधणं जमेना. हामराविक तीन-शून्यने जिंकलं. परक्यांसमोर घरातलं कशाला उगाळायचं, अशी तुम्मासने स्वतःची समजूत घातली. ती पटकन पटली, तशा समजुती पटतातच.

शेवटच्या आठातला सामना पुन्हा घरच्या मैदानावर पडला आणि वारा असा की कोपऱ्यातली निशाणं जमिनीला लागत होती. बरोबरीत असताना पेनल्टी मिळाली. मारायला आईलिफ होता, वीजतारांचं काम करणारा, गेली काही वर्षं तोच मारत असे. तुम्मास पडला, बोट टेकवलं आणि आईलिफचा बूट लागेपर्यंत ते केसभरही हललं नाही. गोल झाला. गावाने त्या दिवशी पहिल्यांदा धरणाऱ्याचं कौतुक केलं. एल्सबाआजीने केकचा जाड तुकडा कापून दिला आणि म्हणाली की असं बोट त्या वेळी असतं तर हानुसचासुद्धा गेला असता आत. बोट तेव्हाही हेच होतं, हे तिला आठवलं नाही. केक तुम्मासच्या घशाखाली उतरेना. जाता जाता हानुसने त्याच्या पाठीवर थाप मारली.

“चांगलं आहे हो बोट, जावईबापू,” तो म्हणाला.

यात टोमणा होता की नव्हता, यावर तुम्मासने आठवडाभर डोकं खपवलं. त्याच्या हातून दोन पत्रं चुकीच्या दारात पडली.

उपांत्य सामना बाहेर झाला. हामराविकच्या गोलकीपरने नुसता जिवावर उदार होऊन टोलवलेला चेंडू वाऱ्याने उचलला आणि समोरच्या गोलकीपरच्या डोक्यावरून टप्पा खाऊन जाळ्यात गेला. एक-शून्य. एकशे चाळीस माणसांचं गाव कपच्या अंतिम सामन्यात. त्या दिवशी कॉफी पुरली नाही, बायका रडल्या, मिक्यालने दुकानातल्या लिमलेटच्या गोळ्या फुकट वाटल्या, यावरून काय ते समजावं. तुम्मासने उठायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात रिंगण करून नाच धरला गेला, आणि नाचात सगळ्यांच्या पावलांच्या तालात असली गोष्ट सांगणार कशी? आता अंतिम सामन्यानंतर. त्यापुढे कुठली फेरी उरत नव्हती.

आठवड्याने आईलिफ डेन्मार्कला गेला. नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं, लहान मुलं होती. तो घरोघर जाऊन माफी मागत फिरला आणि कोणीही त्याला वाकडा शब्द बोललं नाही. मिक्यालने सरावानंतर विचारलं की आता पेनल्टी कोण मारणार. सगळे आपापल्या बुटांच्या नाड्या पाहू लागले. मिक्याल म्हणाला, “मिळाली नाही तर बरं.”

अंतिम सामन्याच्या सकाळी अर्धं गाव फेरीवर चढलं. गायींसाठी काही जण मागे राहिले आणि एल्सबाआजी राहिली, कारण तिला बोटीत मळमळतं आणि रेडिओवर सगळं ऐकू येतं. समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट होता. असा दिवस वर्षातून तीनदा येतो आणि तो कसा वापरावा हे कोणाला कळत नाही. तुम्मास कठड्यापाशी गेला. हानुस तिथे एकटाच उभा होता, खिशात हात घालून.

“हानुस, मला तुला काहीतरी सांगायचंय.”

“सांग की.”

“त्या चेंडूचं.”

हानुसने खिशातून वाळक्या माशाचा तुकडा काढला, मोडला आणि अर्धा तुम्मासच्या हातात दिला. “बोट काढलंस, ते?”

तुम्मासने कठडा धरला. “तुला माहीत होतं?”

“पेनल्टी मारताना माणूस कुठे बघतो? चेंडूकडे. चेंडूवर बोट होतं. मग नव्हतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमचं नवीन लग्न. बिर्नाचा स्वभाव तुला तेव्हा माहीत नव्हता, मला होता. तिने तुला बाहेर काढलं असतं, तू माझ्याकडे राहायला आला असतास, आणि तू घोरतोस.” हानुस मासा चावत राहिला. मग समुद्राकडे बघत म्हणाला, “पहिली दोन वर्षं मी वाट बघितली, तुम्मास. म्हटलं, सांगेल. मग म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात सांगेल. नंतर सवय झाली.”

तो रागावून बोलला असता तर तुम्मासला सोसलं असतं. या बोलण्यात राग नव्हता, आणि तुम्मासला मान वर करवेना. त्याला रडू येत होतं आणि हातात वाळका मासा होता.

“आज सांगतो सगळ्यांना. आत्ता, इथेच.”

“आज नको,” हानुस म्हणाला. “आज कप आहे.”

राजधानी तोर्शाव्हनचं मैदान शहराच्या आतल्या अंगाला, खोलगटात आहे आणि शेजारी बाग आहे, बागेत झाडं. गावात एकही झाड नसल्यामुळे हामराविकच्या पोरांनी आल्या आल्या झाडांनाच हात लावून पाहिला. वाऱ्याचा मागमूस नव्हता. निशाणं काठीला चिकटून लोंबत होती. मिक्याल बोट ओलं करून हवेत धरत होता आणि पुन्हा पुसत होता. एरवी अशा दिवशी त्याने तुम्मासला बाहेरच बसवलं असतं, पण आईलिफ गेल्यापासून बाहेर बसवायला कोणी उरलं नव्हतं.

राजधानीचा संघ तरणा होता आणि नीट पोसलेला होता. त्यांनी विसाव्या मिनिटाला गोल केला. हामराविकने मध्यंतरानंतर फेडला, कोपऱ्यातून आलेला चेंडू हानुसच्या डोक्याला लागून आत गेला, त्याने मारला की चेंडूनेच त्याला मारलं हे त्यालाही सांगता आलं नसतं. मग पुन्हा त्यांचा. दोन-एक. तुम्मासच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. आणि आठ मिनिटं उरली असताना, कोणाचाही विश्वास बसायच्या आत, पंचाने शिट्टी वाजवून ठिपक्याकडे हात केला.

हामराविकची अकरा माणसं उभी राहिली. कोणी चेंडूकडे गेलं नाही. शेवटी हानुस गेला. त्याने चेंडू उचलून काखेत घेतला तेव्हा गावच्या लोकांमधून एक लांब सुस्कारा आला, तो इतका स्पष्ट होता की राजधानीची माणसं वळून बघू लागली. हानुसने चेंडू ठिपक्यावर ठेवला. चेंडू तिथेच राहिला. घरच्या मैदानावर असं कधी झालं नसतं. हानुस चार पावलं मागे गेला, थांबला आणि मान वळवून म्हणाला, “तुम्मास, ये. धर.”

“काय धर?” पंच म्हणाला. “वारा कुठे आहे?”

“आमच्याकडे असतो,” हानुस म्हणाला.

पंच बेटांवरचाच होता. त्याने निशाणाकडे पाहिलं, हानुसकडे पाहिलं आणि खांदे उडवले. पडायचं असेल तर लवकर पडा, असं त्याचं म्हणणं पडलं. तुम्मास पुढे आला. प्रेक्षकांत खसखस पिकली, कोणीतरी वारा बघायला रुमाल हवेत धरला, तो सरळ खाली लोंबला. तुम्मास सगळ्यांसमोर, हलतही नसलेल्या चेंडूपाशी पालथा पडला आणि त्याने बोट टेकवलं. कशासाठी बोलावलं ते त्याला कळलं होतं. हानुस त्याला अकरा वर्षांपूर्वीची जागा परत देत होता.

जमीन दणदणली. तुम्मासने डोळे उघडे ठेवले. त्याला बुटाची फाटकी शिवण दिसली, तिच्यातला चिखल दिसला, आणि बोट त्याने ठेवलं ते ठेवलंच. त्याच्या बोटाखालून चेंडू निसटला, बुटाची कड नखावर आदळली, कळ थेट कोपरापर्यंत गेली आणि तरीही बोट तिथेच, आता रिकाम्या हवेवर टेकलेलं. मग त्याने मान उचलून पाहिलं.

चेंडू दांडीच्या वरून गेला. चांगला हातभर वरून. झाडांमध्ये शिरला आणि फांद्या मोडल्याचा आवाज आला.

बाकीची आठ मिनिटं कोणालाच आठवत नाहीत. हामराविक दोन-एकने हरलं, राजधानीने कप उचलला, हामराविकनेही टाळ्या वाजवल्या. हानुसने चिखलातून तुम्मासला वर ओढलं, त्याचं बोट उलटंसुलटं करून पाहिलं आणि मोडलंय असं सांगितलं. 

ऑगस्टमधला उजेड अजून होता तेव्हा फेरी धक्क्याला लागली. गायीवाले खाली उभे होते. सगळे मंडळाच्या खोलीत गेले, कारण हरलं तरी कॉफी असतेच आणि एल्सबाआजीने ती तीन वाजल्यापासून तापवत ठेवली होती. हरल्याचं दुःख गावाने फार मनाला लावून घेतलं नाही. अंतिम सामना ही गोष्टच एवढी मोठी होती. पण माणसं एकत्र बसली की कोणाची तरी खेचायला लागतेच, आणि आयतं गिऱ्हाईक समोर होतं.

“समुद्र कमी पडला म्हणून झाडांत घातलास,” एल्सबाआजी हानुसच्या कपात कॉफी ओतत म्हणाली. “आता तोर्शाव्हनमध्येही एक झाड तुझ्या नावाचं.”

खोली हसली. हानुसही हसला. तुम्मास उठून उभा राहिला, हाताला बिर्नाचा रुमाल गुंडाळलेला.

“फेरीबोटीचं कळलं आम्हाला,” मिक्याल म्हणाला. “बस.”

“फेरीबोटीचं नाही,” तुम्मास म्हणाला. त्याचा आवाज बारीक निघाला, म्हणून त्याने पुन्हा सुरुवात केली. “आजचा चेंडू हानुसने उडवला. मी शेवटपर्यंत धरला होता, हे बोट बघा. पण अकरा वर्षांपूर्वीचा त्याने उडवला नव्हता. मी घाबरलो. तो धावत आला, मी डोळे मिटले आणि बोट काढलं. त्याचा पाय चुकला नव्हता. तो खडक माझा आहे.”

हसू कुठल्या कुठे गेलं.  एल्सबाआजी किटली हातात धरून उभी राहिली. बिर्नाने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि दोघांपैकी कोणाचा राग जास्त यावा हे तिचं ठरेना. सुन्वा तेवढी पटकन म्हणाली, “मी विचारलंच होतं, धरून होते तर उडाला कसा.”

तुम्मास उभाच होता. आता आपल्याला कोणी काहीही म्हणावं, असं त्याला वाटत होतं.

हानुसने कप खाली ठेवला. “अकरा वर्षं दम धरलास,” तो म्हणाला, “आणि सांगितलंस कधी? मी खरंच उडवला त्या दिवशी. आज तरी मला एकट्याला मिरवू द्यायचं होतंस.”

पहिल्यांदा मिक्याल हसला, मग गायीवाले, मग सगळी खोली, पण हे हसणं मघासारखं नव्हतं. दोघीतिघी डोळे पुसत होत्या. ज्यांनी ज्यांनी लग्नाबारशात चेष्टा केली होती ते हसता हसता हानुसकडे बघायचं टाळत होते. एल्सबाआजी हळूच म्हणाली की मग त्या खडकाचं आपण फार चुकीचं केलं. हानुसने हात हलवला. राहू दे म्हणाला नाव, आता सवय झालीय, शिवाय तिथे मासे बरे लागतात. बिर्नाने केकचा सगळ्यात मोठा तुकडा कापून भावापुढे ठेवला. नवऱ्याला तिने चार दिवस केक दिला नाही, आणि फारसं बोललीही नाही.

शनिवारी हानुस होडी घेऊन धक्क्यावर आला आणि तुम्मासला हाक मारली. बोटाला फळी बांधली होती, त्यामुळे गळाला आमिष लावणं तुम्मासला जमेना, ते हानुसने लावून दिलं. ओहोटी होती. काळा खडक निम्मा वर आला होता आणि त्याच्या खाचेत पाणी आत-बाहेर करत होतं.  तुम्मासला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नव्हतं. रस्त्यात लोक त्याच्याशी जपून बोलत, आणि खडक दिसला की हानुसचं नाव अजून तसंच टोचत होतं.

पलीकडून मिक्यालची होडी आली. त्याने लांबूनच हाक घालून विचारलं की मासे कुठे लागतायत.

हानुस उभा राहिला, तोंडापाशी हात धरले आणि साऱ्या खाडीला ऐकू जाईल असा ओरडला, “तुम्मासच्या बोटापाशी!”

मिक्यालने एकदा खडकाकडे पाहिलं. “बरं,” तो म्हणाला, जणू पूर्वीपासून त्याला हेच म्हणतात, आणि होडी इकडे वळवली.

तुम्मास हानुसकडे वळला. “घोरतो मी?” त्याने विचारलं.

“फार,” हानुस म्हणाला. “दोरी बघ, ओढतोय.”

तुम्मासने डाव्या हाताने दोरी धरली. सोमवारपर्यंत ते नाव शाळेत पोचलं होतं.